‘दोन वर्षं फुकट लिहा’ या सल्ल्याला माझं उत्तर

गेल्या आठवड्यात भाचीने व्हॉट्सॲपवर एक मजकूर पाठवला आणि खाली विचारलं, “मावशी, हे खरं आहे का?” तोवर तो मजकूर माझ्या तीन ग्रुपांवर येऊन गेला होता. नव्या कंटेंट रायटरसाठी सोनेरी नियम, असं त्याचं स्वरूप. त्यात म्हटलंय ते थोडक्यात असं: पहिली दोन वर्षं पैशांचं नाव काढू नका, फुकट लिहा, नाव झालं की पैसा मागून येतो. लेखी काही मागितलं की काम हातचं जातं. एकदा मजकूर दिला की तो त्यांचा. पैसे अडकले तर भांडू नका, संबंध जपा. मराठीत लिहून घर चालत नाही. आणि आता एआय आलंय, तेव्हा मिळेल त्या दरात काम घ्या.

मी चौदा वर्षं नाशिकमध्ये घरी बसून लिहिते, भाषांतर करते, दुसऱ्यांचे मजकूर दुरुस्त करते. आमचं घर यावरच चालतं. भाचीला फोनवर सांगितलं ते इथे सविस्तर लिहिते आहे, कारण असले नियम वाचून नुकती पदवी घेतलेली मुलं आपली दोन वर्षं कुणालाही देऊन टाकायला तयार होतात आणि त्याचा मला मनापासून त्रास होतो.

आधी ‘नाव झालं की पैसा येतो’ हे बघू. नाव व्हायला लेखाखाली नाव छापून यावं लागतं. वेबसाइटवरची उत्पादनांची माहिती, हॉस्पिटलची पत्रकं, रीलची स्क्रिप्ट, कंपनीच्या मालकाच्या नावाने जाणाऱ्या पोस्टी, हे आमचं रोजचं काम आणि ते सगळं बिननावी असतं. ते फुकट केलं तर नाव कुठून होणार? मला पुढची कामं मिळाली ती आधी पैसे मोजलेल्या लोकांनी दुसऱ्यांना सांगितल्यामुळे. ज्यांनी फुकट घेतलं, त्यांनीही माझं नाव पुढे सांगितलं, पण ‘ती फुकट करून देते’ असं सांगितलं. पहिल्या वर्षी एका क्लासवाल्यांसाठी मी चार महिने ब्लॉग लिहिले. पाचव्या महिन्यात दर सांगितला, तर त्यांनी दुसरी मुलगी शोधली.

स्वतःच्या चॅनेलवर किंवा ब्लॉगवर फुकट लिहिणं-बोलणं ही वेगळी गोष्ट आहे. तिथे जे साठतं ते तुमचं असतं. यूट्यूबवर जाहिरातींतला वाटा मिळायला १,००० सबस्क्रायबर आणि बारा महिन्यांत ४,००० तास पाहिलं जाणं (किंवा ९० दिवसांत शॉर्ट्सचे एक कोटी व्ह्यूज) लागतं. अट कठीण आहे, पण आकड्यात लिहिलेली आहे. ‘नाव झालं की देऊ’ म्हणणाऱ्याला किती नाव झालं की, असं विचारून बघा.

हौसेचं लिहिणंही मी मोडीत काढत नाही. १९०९ साली काशिनाथ रघुनाथ मित्र यांनी ‘मासिक मनोरंजन’चा दिवाळी अंक काढला, तेव्हापासून पदरमोड करून अंक काढणारी माणसं मराठीत होत आली आहेत. अशा संपादकाला मी बिनमानधनाची कथा आनंदाने देते. पण जिथे कागदवाला, छापखाना, डिझायनर, जाहिराती आणणारा माणूस, सगळ्यांची बिलं वेळेवर चुकती होतात, तिथे एकट्या लेखकानेच हौस का करायची? नमुना दाखवायचा असेल तर आवडीच्या विषयांवर तीन लेख लिहून ठेवा आणि तेच सगळ्यांना दाखवा. त्यांच्या विषयावर, त्यांच्या शब्दसंख्येत ‘सॅम्पल’ मागितलं तर ते काम झालं. दोनशे शब्दांपर्यंत मी करून देते, त्यापुढे दर सांगते.

लेखी मागितलं की काम जातं, हा दुसरा नियम. करार म्हटलं की लोकांना स्टॅम्प पेपर आणि वकील दिसतात, म्हणून हे पटतं. माझा करार म्हणजे एक मेल असतो. हा अलीकडचाच:

“नमस्कार. काल फोनवर ठरल्याप्रमाणे गरोदरपणातल्या आहारावर सहा लेख, प्रत्येकी ८०० शब्द, लेखाला २,४०० रुपये. पहिले दोन लेख १२ तारखेला देते. प्रत्येक लेखात दोन वेळा दुरुस्त्या या दरात धरल्या आहेत, विषय बदलला तर दर वेगळा. तीस टक्के रक्कम आधी, उरलेली बिल दिल्यापासून तीस दिवसांत. बरोबर असेल तर ‘ठीक’ एवढं कळवा, सुरू करते.”

समोरून ‘ठीक’ आलं की झालं. असं मेलवर ठरलेलं, केवळ ते मेलवर ठरलं म्हणून बाद ठरत नाही, हे माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम १०अ मध्ये आहे. या मेलातली सगळ्यात महत्त्वाची ओळ दुरुस्त्यांची. ती लिहायला मी शिकले, कारण एका बिल्डरच्या चार पानी माहितीपत्रकाचा मजकूर मी अकरा वेळा बदलून दिला होता. आधी भागीदाराला आवडला नाही, मग मालकाच्या मुलाला, मग प्रकल्पाचं नावच बदललं. दर पहिल्या दिवशी ठरला तोच राहिला. अकरावा ड्राफ्ट पाठवला तेव्हा रात्रीचा दीड वाजला होता आणि माझा मुलगा तापाने फणफणला होता. त्यानंतर मी दुरुस्त्या मोजायला लागले.

या मेलमुळे काम गेलंय का? हो, दोनदा. दोन्ही वेळा आधी द्यायच्या रकमेवरून गेलं, आणि त्यातल्या एकाने पुढे ज्याच्याकडून लिहून घेतलं त्याचे पैसे अजून दिलेले नाहीत.

‘एकदा दिलं की मजकूर त्यांचा’ हे तर सरळ चूक आहे, आणि याचंच मला सगळ्यात जास्त वाईट वाटतं, कारण अनुभवी लोकही असं समजून चालतात. कॉपीराइट कायदा १९५७ चा आहे. त्याच्या कलम १७ प्रमाणे लेखनाचा पहिला मालक लेखक. तुम्ही पगारी नोकरीत असाल आणि ते नोकरीचं काम असेल तर मालकी नोकरी देणाऱ्याची, सरकारसाठी केलेलं काम सरकारचं. फोटो, चित्र किंवा चित्रपट पैसे देऊन करवून घेतला तर काही ठरलं नसल्यास मालकी करवून घेणाऱ्याची, असा एक अपवाद त्यात आहे. लेखन त्या अपवादात नाही. म्हणजे फ्रीलान्स लेखकाला पैसे दिले, मजकूर घेतला, तरी हक्क आपोआप जात नाहीत.

हक्क द्यायचे तर कलम १९ प्रमाणे ते लेखी आणि तुमच्या सहीने द्यावे लागतात. किती काळासाठी ते लिहिलं नसेल तर पाच वर्षं धरली जातात, कुठे ते लिहिलं नसेल तर फक्त भारत. घेतलेले हक्क एका वर्षात वापरले नाहीत तर, उलट काही ठरलेलं नसल्यास, ते परत तुमच्याकडे येतात. आणि सगळे हक्क देऊन टाकले तरी कलम ५७ उरतंच: हे माझं लेखन आहे असं सांगण्याचा, आणि आपल्या नावाला बट्टा लागेल अशी मोडतोड केल्यास दाद मागण्याचा हक्क. कथा-पटकथा, ऑडिओ मालिका लिहिणाऱ्यांनी २०१२ ची दुरुस्तीही वाचावी. राज्यसभेत जावेद अख्तर यांनी तिच्यासाठी जोर लावला होता. चित्रपटात किंवा ध्वनिमुद्रणात वापरलेल्या लेखनाच्या रॉयल्टीतला लेखकाचा समान वाटा निर्मात्याला लिहून देता येत नाही, असं तिने कायद्यात घातलं. चित्रपटगृहातलं प्रदर्शन त्यातून वगळलेलं आहे. ऑडिओवाल्यांच्या करारात ‘सर्व माध्यमांत, कायमस्वरूपी, जगभर’ असे शब्द दिसले की तिथे थांबा, आणि त्या शब्दांसाठी दर किती, ते विचारा. मी विचारते. बऱ्याचदा ते शब्द छापील नमुन्यातून तसेच आलेले असतात आणि खोडायला समोरच्याची हरकत नसते.

आता थकलेल्या पैशांचं. २०२२ मध्ये एका एजन्सीकडे माझे ३८,४०० रुपये सात महिने अडकले होते. ‘अकाउंट्सला पाठवलंय’, ‘सर बाहेरगावी आहेत’, ‘क्लायंटकडून आले की लगेच’, ही वाक्यं ऐकली नाहीत असा फ्रीलान्सर मला भेटलेला नाही. संबंध जपायचे म्हणून मी पाच महिने दर पंधरा दिवसांनी गोड आवाजात फोन केले. मग एका सीए मैत्रिणीने विचारलं, “तुझं उद्यम आहे ना?” उद्यम म्हणजे छोट्या उद्योगांची सरकारी नोंदणी. होतं. लॉकडाउनच्या वर्षी कुणीतरी सांगितलं म्हणून आधार आणि पॅन टाकून काढलं होतं, फुकट, आणि विसरून गेले होते.

सूक्ष्म, लघु आणि मध्यम उद्योगांचा २००६ चा कायदा सूक्ष्म आणि लघु सेवा पुरवणाऱ्यांनाही लागू आहे. घरातून एकटी लिहिणारी बाई त्यात बसते. पैसे कधी द्यायचे हे लेखी ठरलं नसेल तर काम स्वीकारल्यापासून पंधरा दिवस, ठरलं असेल तरी जास्तीत जास्त पंचेचाळीस. त्यापुढे रिझर्व्ह बँकेच्या बँक रेटच्या तिप्पट दराने, दरमहा चक्रवाढ व्याज. न दिल्यास फॅसिलिटेशन कौन्सिलकडे, म्हणजे असे थकलेल्या पैशांचे वाद सोडवणाऱ्या सरकारी मंडळाकडे, अर्ज करता येतो, तोही ऑनलाइन. मी चार ओळींचा मेल लिहिला: बिल क्रमांक, तारीख, उद्यम क्रमांक, या कायद्याची कलमं १५ आणि १६, आणि ‘१० तारखेपर्यंत रक्कम न आल्यास अर्ज दाखल करीन’. आवाज चढवला नाही, कुणाला काही बोलले नाही. नवव्या दिवशी ३४,५६० रुपये जमा झाले. उरलेले ३,८४० म्हणजे दहा टक्के टीडीएस, देणाऱ्याने आधीच कापून सरकारकडे भरलेला आयकर. ते फॉर्म २६एएसमध्ये, म्हणजे आपल्या नावावर भरलेल्या कराच्या सरकारी नोंदीत, दिसले आणि रिटर्न भरल्यावर परत आले. त्याच एजन्सीने चार महिन्यांनी पुन्हा काम दिलं.

कौन्सिलकडे जायची वेळ आली तर मात्र वेळ लागतो. कायद्यात ९० दिवस म्हटलंय, प्रत्यक्षात बरेचदा त्याहून जास्त जातात. म्हणून आधी घेतलेली रक्कम हाच खरा आधार. उद्यम नोंदणीही काम घेण्याआधी हवी, पैसे अडकल्यावर काढून उपयोग होईलच असं नाही. २०२३ च्या अर्थसंकल्पाने तेव्हाच्या आयकर कायद्याच्या कलम ४३बी मध्ये एक पोटकलमही घातलं: अशा पुरवठादाराला मुदतीत पैसे दिले नाहीत, तर देणाऱ्याला तो खर्च पैसे देईल त्याच वर्षी दाखवता येतो. त्यामुळे मार्च जवळ आला की अकाउंट्सवाले आता स्वतःहून उद्यम क्रमांक विचारतात. बिलावर तो छापूनच ठेवा.

मराठीत घर चालत नाही, यात अर्धं खरं आहे. इंग्रजीचा दर जास्त असतो. पण २०११ च्या जनगणनेत मराठी मातृभाषा सांगणारे ८ कोटी ३० लाख लोक होते. त्यांना विमा, खतं, औषधं, कर्जं, कार्यक्रम विकणाऱ्या प्रत्येकाला नीट मराठी लागतं. ठिबक सिंचनाच्या जोडणीची पुस्तिका, शस्त्रक्रियेआधीचं संमतीपत्र, मालिकांची सबटायटल्स, यात काम आहे. ते मिळतं विषय येणाऱ्याला. द्राक्षाच्या छाटणीवर मी लिहू शकते कारण माझं माहेर पिंपळगावचं, आणि गोडी छाटणी नि खरड छाटणी मला समजावून सांगावी लागत नाही. तुमच्या घरात, गावात, आधीच्या नोकरीत असं काय आहे ते आधी बघा.

शेवटी एआय. मशीनच्या मराठीने आमची काही कामं खाल्ली, हे खरं आहे. पण मिळेल त्या दरात घ्या, हे त्यातून कसं निघतं? मागच्या वर्षी एका वेदनाशामक गोळीचं पत्रक माझ्याकडे ‘फक्त नजर टाकायला’ आलं, नेहमीच्या अर्ध्या दराने. मशीनने लिहिलं होतं, ‘एक गोळी दिवसातून तीन वेळा घ्या.’ वाक्य स्वच्छ, शुद्धलेखन बिनचूक. मूळ इंग्रजी काढून बघितलं तर तिथे ‘दुखत असल्यास’ होतं आणि ‘जास्तीत जास्त तीन वेळा’ होतं. दोन्ही गळालं होतं. असं गळलेलं शोधायला मूळ ओळीवर बोट ठेवून शब्दन् शब्द जुळवावा लागतो, कारण वरवर वाचताना काहीच खटकत नाही. त्या तीन पानांना मला पावणेतीन तास लागले. तेवढ्यात मी ती नव्याने लिहिली असती. तेव्हापासून मशीनचा मजकूर दुरुस्त करायला आला की मी आधी तीनशे शब्द घड्याळ लावून करते आणि मग तासाचा दर सांगते. शब्दाचा दर अशा कामाला घेत नाही.

भाचीला एका स्किनकेअर ब्रँडने ‘ट्रायल म्हणून’ आठ रीलच्या स्क्रिप्ट मागितल्या आहेत. काल संध्याकाळी आम्ही फोनवर बसून तिचा मेल लिहिला: एक स्क्रिप्ट नमुना म्हणून, तिच्या आधीच्या कामातली, आणि मागितलेल्या आठचा दर. ‘पाठवू का?’ असं तिने तीनदा विचारलं. रात्री पावणेअकराला पाठवला. अजून उत्तर नाही. सोमवारपर्यंत आलं नाही तर एक आठवण पाठवायची, असं ठरलंय.