बाथरूममधलं लाकूड आणि तो फॉरवर्ड

'बाथरूममध्ये लाकडी टॉवेल रॅक लावायची चूक करू नका! सहा महिन्यांत कुजतो, वाळवी लागते. स्टीलला काहीच होत नाही. करायचाच असेल तर मरीन प्लायचा करा आणि टाइलला भोक न पाडता चिकटवा.' हा मेसेज आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर तिसऱ्यांदा आला. माझ्या चार बाय सहाच्या बाथरूममध्ये सागवानी रॅक सहा वर्षं ठणठणीत आहे, तेव्हा आता बोलतोच.

आधी कुजण्याचं. लाकूड नुसत्या पाण्याने कुजत नाही, बुरशीने कुजतं. आणि त्या बुरशीला लाकडात साधारण 20 टक्क्यांच्या वर ओल कायम लागते. सकाळी भिजून दुपारी वाळणाऱ्या दांड्यात तिचं भागत नाही. सागाच्या गाभ्यात तर मुळातच तेल असतं. मुंबईच्या गोदीत वाडिया या जहाजबांधणाऱ्या घराण्याने सागात बांधलेलं 'त्रिंकोमाली' जहाज 1817 साली पाण्यात उतरलं. डागडुजी होत होत ते इंग्लंडात हार्टलपूलला आजही तरंगतंय. त्यापुढे आपला शॉवर म्हणजे काय! मात्र लाकूड गाभ्याचंच हवं. कडेचा पांढुरका भाग तुमच्या गळ्यात मारला गेला, तर मेसेज खरा ठरेल.

पाणी शिरतं ते दांड्याच्या कापलेल्या तोंडातून. बाजूंवर पॉलिश चकचकीत आणि तोंडं कोरडी, असे रॅक मी बरेच पाहिलेत. जोडण्याआधी तोंडं पीयू (पॉलियुरेथेन) पॉलिशमध्ये दोनदा बुडवून वाळवा. बाकीचं मग सावकाश.

माझा पहिला रॅक वाया गेला, पण तो लाकडामुळे नाही. घरात पडलेले लोखंडी स्क्रू वापरले. महिन्याभरात प्रत्येक स्क्रूभोवती काळं वलय, आणि एक दिवस वडिलांच्या पांढऱ्या पंचावर तोच डाग. लाकडातलं टॅनिन, लोखंड आणि ओल एकत्र आली की शाईच तयार होते. जुन्या काळी ती अशीच करत. आता स्टेनलेसचे किंवा पितळी स्क्रू.

वाळवी बहुतेक वेळा जमिनीतून, भिंतीतून मातीच्या नळ्या करत येते. दांडे भिंतीपासून सुटे असले की नळी लगेच दिसते. सागाचा गाभा तिला तसाही फारसा आवडत नाही.

'स्टीलला काहीच होत नाही'? कुठलं स्टील? स्टेनलेसच्या 202 ग्रेडमध्ये निकेल 304 ग्रेडपेक्षा कमी असतं. टाइल धुवायच्या अ‍ॅसिडची वाफ लागली की त्यावर गंजाचे तांबडे ठिपके उठतात.

मरीन प्लायचा डिंक उकळत्या पाण्यातही सुटत नाही, हे खरं. पण कापलेल्या कडा पाणी पितातच, आणि इंचभर जाडीच्या दांड्याला प्लाय हवाय कशाला?

चिकटवण्याचा सल्ला मात्र मला धोक्याचा वाटतो. 30 बाय 60 इंची, 500 जीएसएमचा (चौरस मीटरला 500 ग्रॅम) टॉवेल कोरडाच साधारण 580 ग्रॅम भरतो. भिजला की दुपटीहून जास्त. असे तीन टॉवेल म्हणजे चारेक किलो, वर वाफ, आणि घरात मूल असेल तर तेही लोंबकळणार. टाइल फुटते ती ड्रिलच्या हॅमरमुळे. खुणेवर चिकटपट्टीची फुली मारा, हॅमर बंद ठेवा, टाइलचं बिट लावून हळू फिरवा. टाइल पार झाली की मगच भिंतीचं बिट आणि गिट्टी (स्क्रू धरणारा प्लास्टिकचा प्लग). नळाच्या सरळ वर-खाली भोक पाडू नका, आत पाइप असतो.

मापाचं म्हणाल तर तोच टॉवेल लांबीत दुमडला की 15 इंच रुंद होतो. 18 इंची दोन दांडे, मध्ये चार इंच मोकळे, दाराआडच्या भिंतीवर सहज मावतात.

एक मान्य करतो. खिडकी नाही, एक्झॉस्ट नाही आणि दार दिवसभर बंद, अशा बाथरूममध्ये माझा रॅकही टिकणार नाही. तिथे टॉवेलसुद्धा वाळत नाही. रॅक दाराबाहेर ठोका.