‘कडक केली की ताब्यात येते’ : स्नोमोबाईलच्या सस्पेन्शनविषयीच्या एका सल्ल्याचा प्रतिवाद

स्नोमोबाईल म्हणजे पुढे स्की आणि मागे इंजिनावर फिरणारा रुंद पट्टा, म्हणजे ट्रॅक, असलेली बर्फावरची गाडी. ती चालवणाऱ्यांमध्ये एक सल्ला वर्षानुवर्षे हातोहात फिरत आला आहे. त्याचा गोषवारा असा : सपाट, तयार केलेल्या ट्रेलवर (बर्फातल्या वाटेवर) सस्पेन्शन, म्हणजे धक्के झेलणारी स्प्रिंगांची आणि शॉकची जुळणी, मऊ ठेवावे, खाचखळग्यांत कडक करावे आणि डोंगरातल्या खोल बर्फात सर्वांत कडक करावे; कडक करायचे म्हणजे स्प्रिंग आवळायची; वळणावर स्की घसरू लागल्या तर स्कीवरच्या स्प्रिंगा आणखी आवळायच्या; वेगाने चालवणाऱ्याने शॉकवरचा ‘हाय-स्पीड’चा स्क्रू फिरवायचा, सावकाश चालवणाऱ्याने ‘लो-स्पीड’चा; आणि एकदा मनासारखे जमले की हंगाम संपेपर्यंत त्याला हात लावायचा नाही. सल्ला सुटसुटीत आहे, सांगायला सोपा आहे, आणि चालवण्याची पद्धत बदलली की जुळणीही बदलावी हे त्यातले मूळ म्हणणे बरोबरच आहे. पुढचे जवळजवळ सगळे मात्र चुकीचे आहे, कारण ‘मऊ’ आणि ‘कडक’ या एकाच मापाने ते अख्खे सस्पेन्शन मोजू पाहते, आणि स्नोमोबाईलमध्ये खरा प्रश्न कडकपणाचा नसून वजन स्कीवर किती आणि ट्रॅकवर किती पडते याचा असतो.

१९५९ मध्ये बाजारात आलेल्या स्की-डू या स्नोमोबाईलच्या सुरुवातीच्या गाड्यांत स्कीवर पाटा स्प्रिंगा होत्या आणि ट्रॅकच्या आत लहान चाकांच्या जोड्या. तशा गाडीपुरते मऊ-कडक या दोन शब्दांत सस्पेन्शन संपले असते तर चालले असते. आजच्या गाडीत पुढे दोन स्की आणि प्रत्येकीला स्वतंत्र शॉक, म्हणजे धक्का जिरवणारी दांडा-नळीची जोडी, असतो. मागे ट्रॅकच्या आत रुळांसारख्या दोन पट्ट्यांचा एक सांगाडा असतो, ज्याला चालवणारे ‘स्किड’ म्हणतात. हा स्किड पुढची आणि मागची अशा दोन भुजांनी गाडीला टांगलेला असतो. पुढच्या भुजेला मधला शॉक आणि एक लिमिटर पट्टा, मागच्या भुजेला मागचा शॉक आणि बहुतेक ट्रेल गाड्यांत दोन टॉर्शन स्प्रिंगा, म्हणजे पीळ घेऊन काम करणाऱ्या स्प्रिंगा. यांतल्या कोणत्याही एका जागी केलेला बदल बाकीच्या जागांवरचे वजन हलवतो, हे ध्यानात ठेवले की वरच्या सल्ल्याचा पहिलाच मुद्दा डळमळू लागतो.

तो मुद्दा म्हणजे स्प्रिंग आवळली की ती कडक होते. होत नाही. शॉकवरची कड्याची नट फिरवून किंवा टॉर्शन स्प्रिंगेचा कॅम (तिचे टोक टेकते तो पायऱ्यांचा ठोकळा) पुढच्या खाचेत नेऊन आपण फक्त प्रीलोड वाढवतो, म्हणजे गाडीचे वजन पडण्याआधीच स्प्रिंग थोडी दाबून ठेवतो. स्प्रिंगेचा स्वतःचा ताठरपणा तारेची जाडी, वेढ्यांची संख्या आणि व्यास यांनी ठरलेला असतो आणि तो पान्याने बदलत नाही. सोपे गणित करून पाहू. एक सेंटीमीटर दबायला २० किलो वजन लागते अशी सरळ स्प्रिंग घेतली आणि तिच्यावर १०० किलो भार टाकला, तर ती ५ सेंटीमीटर बसते. आता ती २ सेंटीमीटर आवळून ठेवली, तर पहिल्या ४० किलोंपर्यंत शॉक हलतच नाही आणि १०० किलोंवर तो फक्त ३ सेंटीमीटर बसतो; परंतु तिथून पुढच्या प्रत्येक सेंटीमीटरला पूर्वीइतकेच २० किलो लागतात. गाडी त्या जागी २ सेंटीमीटर उंच उभी राहिली, एवढाच काय तो फरक. खाली आपटण्याआधी २ सेंटीमीटर जास्त मिळाले हे खरे, आणि म्हणूनच आवळणाऱ्याला ‘कडक झाली’ असे वाटते. पण तेवढेच २ सेंटीमीटर खड्ड्यात खाली जाण्याच्या चालीतून गेले, याची दखल सहसा कोणी घेत नाही. प्रीलोड इतका वाढवला की गाडी जवळजवळ पूर्ण ताणलेल्या अवस्थेतच उभी राहते, तर ट्रॅक खळग्यात उतरत नाही, गाडी त्यावरून उडते आणि शॉक वरच्या टोकाला ठक्कन आपटतो. हा आवाज ऐकून स्प्रिंग आणखी आवळणारे लोक मी पाहिले आहेत. पहिल्या हंगामात मी स्वतः त्यांतलाच होतो.

म्हणून सुरुवात कडकपणापासून नव्हे, सॅगपासून करावी लागते. मागचा बंपर धरून गाडी इतकी उचलावी की मागचे सस्पेन्शन पूर्ण ताणले जाईल पण ट्रॅक जमिनीवरून सुटणार नाही, आणि जमिनीपासून बंपरपर्यंतचे अंतर मोजावे. मग हेल्मेट, बूट, पाठीवरची पिशवी अशा पूर्ण जामानिम्यासह गाडीवर बसावे, दोनदा हलके दाबून गाडी स्थिरावू द्यावी आणि दुसऱ्या कोणाकडून तेच अंतर पुन्हा मोजून घ्यावे. या दोन आकड्यांतला फरक म्हणजे सॅग. काही गाड्यांसाठी तो साधारण साडेसात ते दहा सेंटीमीटर सांगितलेला असतो, काहींसाठी त्याहून कमी. आपल्या गाडीचा नेमका आकडा तिच्या पुस्तिकेत असतो. कॅम शेवटच्या खाचेत नेऊनही हा आकडा साधत नसेल, किंवा पहिल्याच खाचेत गाडी ताठ उभी राहत असेल, तर उपाय आवळण्यात नसून स्प्रिंग बदलण्यात आहे. चालवण्याच्या पद्धतीचा पहिला संबंधही इथेच येतो. ट्रेलवर आसनाच्या मागच्या अर्ध्यावर बसून चालवणारा आणि डोंगरात पायफळीवर उभा राहून हँडलजवळ झुकणारा, दोघांचे वजन ८५ किलोच असले तरी ते एकाच जागी पडत नाही. तेव्हा माणूस जसा चालवतो त्याच स्थितीत सॅग मोजला पाहिजे.

सल्ल्याचा दुसरा मुद्दा स्की घसरण्याचा आहे, आणि माझ्या मते सर्वांत जास्त नुकसान तोच करतो. वळण घेताना गाडी सरळच जात राहिली की हात आपोआप पुढच्या स्प्रिंगांकडे जातो. त्या आवळल्याने स्कीवरचा भार थोडा वाढतो, नाही असे नाही. पण त्याचबरोबर नाक वर उचलले जाते, पुढे सॅग उरत नाही आणि वळणात आतली स्की बर्फ सोडू लागते, म्हणजे पकड हवी असताना दोनपैकी एक स्की हवेत. खरे म्हणजे स्नोमोबाईलचे वळणे मागच्या स्किडवरच बरेचसे ठरते. मागच्या टॉर्शन स्प्रिंगा ढिल्या असतील तर शेपूट बसते, हेडलाईटचा झोत झाडांच्या शेंड्यांवर पडतो आणि स्की हलक्या होतात. तिथे पुढे काहीही आवळले तरी दुखणे जागेवरच राहते. मागचा सॅग बरोबर असूनही स्की हलक्या वाटत असतील, तर पाहायचे ते मधल्या शॉककडे. त्याचा प्रीलोड जास्त असेल तर स्किडचा पुढचा भाग तरफेच्या टेकूसारखे काम करतो आणि गाडीचे नाक उचलून धरतो. तो कमी केला की वजन पुन्हा स्कीवर उतरते.

त्यानंतर येतो लिमिटर पट्टा. हाताच्या दोन बोटांएवढा रुंद, भोके पाडलेला, एका बोल्टवर अडकवलेला हा पट्टा दिसायला इतका किरकोळ आहे की कित्येकजण गाडी विकेपर्यंत त्याच्याकडे पाहत नाहीत. थ्रॉटल दाबला की वजन मागे सरकते, मागची भुजा दबते आणि पुढची भुजा खाली ताणली जाते. ती किती ताणली जावी याची हद्द हा पट्टा ठरवतो. पट्टा एका भोकाने आखडला की वेग घेतानाही स्की बर्फावर टेकून राहतात आणि वळणे नेमकी होतात. एका भोकाने सोडला की नाक हलके होते, स्टिअरिंग हलके लागते आणि ट्रॅकला सुटताना जास्त पकड मिळते. एका वेळी एकच भोक बदलावे, आणि बदलल्यावर ट्रॅकचा ताण तपासावा, कारण भुजेची जागा बदलली की ट्रॅकच्या मार्गाची लांबीही किंचित बदलते. आणि स्कीवर जितका भार जास्त तितके बरे, असेही नाही. फार आखडलेल्या पट्ट्याने स्टिअरिंग जड होते, तासाभरात खांदे भरून येतात आणि स्कीखालच्या कार्बाईडच्या धारा आधीच्या गाड्यांनी पाडलेल्या चऱ्यांमागे धावू लागल्याने गाडी सरळ वाटेवरही इकडेतिकडे झुकत राहते.

तिसरा मुद्दा, डोंगरातल्या खोल बर्फात सर्वांत कडक, हा तर वस्तुस्थितीच्या नेमका उलटा आहे. ताज्या भुसभुशीत बर्फात धारदार धक्के फारसे नसतात. बर्फ स्वतःच गादीचे काम करतो. तिथे लागते ती गाडी कलती करण्याची सोय. उतारावर आडवे जाताना चालवणारा गाडी एका कडेवर उभी करून वरच्या बाजूची स्की रोवतो, आणि त्यासाठी पुढच्या स्प्रिंगा मऊ असाव्या लागतात. दोन स्कींना जोडणारा अँटी-रोल बार ट्रेलवर गाडी सपाट ठेवतो. डोंगरात तोच आडवा येतो, म्हणून डोंगरी गाड्यांत तो बहुधा नसतोच किंवा चालवणारे काढून टाकतात. दोन स्कींमधले अंतरही याच कारणाने वेगळे असते : ट्रेलच्या गाडीत साधारण १०७ सेंटीमीटर, डोंगरी गाडीत ९० च्या आसपास. अरुंद आणि कललेली गाडी ट्रेलच्या वळणावर धोक्याची वाटते, पण उतारावर तीच माणसाचे ऐकते.

डोंगरातल्या लिमिटर पट्ट्याबाबत मात्र जाणत्यांतही दोन पक्ष आहेत, आणि दोघांच्याही म्हणण्यात तथ्य आहे. पट्टा सोडला तर नाक हलके होते आणि गाडी सहज कलते. पण स्किडचा पुढचा भाग खाली लोंबल्याने ट्रॅक बर्फाला जास्त उभ्या कोनात भिडतो, बर्फ पुढे रेटत चर खणू लागतो, आणि खड्या चढावर नाक इतके उचलते की स्टिअरिंग नावापुरते उरते. पट्टा आखडला तर हा कोन निजतो, ट्रॅक बर्फाच्या वर चढून तरंगतो आणि चढावर स्की खाली राहतात, मात्र गाडी झाडांमधून वळवायला थोडी हट्टी होते. झाडीत फिरणाऱ्याने सोडावा, उघड्या खड्या उतारांवर चढणाऱ्याने आखडावा, असा माझा कल आहे. कडक-मऊच्या भाषेत हा निर्णय मांडताच येत नाही.

खाचखळग्यांसाठी कडक करा, हे त्यातल्या त्यात खरे आहे, परंतु तिथेही कडक काय करायचे हे सल्ला सांगत नाही. उड्या मारत मोठे उंचवटे घेणाऱ्याला कॉम्प्रेशन डँपिंग, म्हणजे शॉक दबतानाचा रोध, वाढवावे लागते, प्रसंगी ताठर स्प्रिंगही घालावी लागते. लहान, लागोपाठच्या लाटांसारख्या खळग्यांची गोष्ट वेगळी. ताशी ६० किलोमीटर वेगाने जाताना दर मीटरला एक लाट असेल, तर शॉकला सेकंदाला जवळजवळ १७ वेळा दबून परत यावे लागते. अशा वेळी रिबाऊंड डँपिंग, म्हणजे शॉक परत येतानाचा रोध, जास्त असेल तर शॉक पूर्ण परत येण्याआधीच पुढचा धक्का बसतो, तो दर लाटेगणिक थोडा थोडा खाली बसत जातो आणि शेवटी त्याला हलायला जागाच उरत नाही. चालवणाऱ्याला वाटते गाडी फार मऊ आहे, म्हणून तो आणखी आवळतो. खरे तर रिबाऊंडचे दोन क्लिक (स्क्रू फिरताना लागणाऱ्या खाचा) सोडायचे असतात.

‘हाय-स्पीड’ आणि ‘लो-स्पीड’ या नावांनी झालेला घोटाळा चटकन निस्तरता येतो. हा वेग गाडीचा नाही, शॉकच्या दांड्याचा आहे. ताशी २० किलोमीटरने जाताना गोठलेल्या चरीची धारदार कड लागली तर दांडा झटकन आत जातो आणि हाय-स्पीडचा मार्ग उघडतो. ताशी ९० ने लांबलचक, गोलसर उंचवट्यांवरून गेले तर दांडा सावकाश हलतो आणि काम लो-स्पीडचे असते. वळणात गाडी कलणे, ब्रेक लावल्यावर नाक खाली जाणे, थ्रॉटलबरोबर शेपूट बसणे या सगळ्या सावकाश हालचाली आहेत, त्यामुळे सावकाश चालवणाऱ्याइतकाच वेगाने चालवणाऱ्यालाही लो-स्पीडचा स्क्रू लागतो.

राहिला मुद्दा हंगामभर हात न लावण्याचा. ज्यांच्या गाडीला हवेचे शॉक (ज्यांत स्प्रिंगेचे काम दाबलेली हवा करते) आहेत त्यांनी एवढेच पाहावे : २० अंश सेल्सिअसच्या उबदार गॅरेजमध्ये शॉकमध्ये ७० पीएसआय (दाबाचे एकक) हवा भरली आणि गाडी उणे २० अंशांत बाहेर काढली, तर शॉक थंड झाल्यावर दाबमापकावर तोच दाब साधारण ५८ पर्यंत उतरलेला असतो. हवा कुठे गळलेली नसते. थंडीने ती आकसलेली असते. म्हणून दाब बाहेर, गाडी तासभर थंडीत उभी राहिल्यावर तपासावा. साध्या शॉकमधले तेलही थंडीत घट्ट होते आणि पहिले काही किलोमीटर गाडी ताठ वाटते, तेव्हा त्या ताठपणावरून क्लिक ठरवू नयेत. नव्या स्प्रिंगा वापराने थोड्या बसतात, भरलेल्या टाकीत ३० किलोंच्या आसपास पेट्रोल असते, मागे दुसरा माणूस बसला तर सगळेच आकडे बदलतात. शिवाय स्किडच्या सांध्यांत पाणी शिरून ग्रीस धुतले गेले तर भुजा जखडतात. अशी ‘कडक’ झालेली गाडी मी पाहिली आहे, तिचा मालक चार दिवस स्क्रू फिरवत होता आणि शेवटी ग्रीसगनचे दहा-बारा दट्टे पुरले.

क्लिक मोजताना स्क्रू आधी हलक्या हाताने पूर्ण बंद करावा, बंद होताना किती क्लिक झाले ते लिहून ठेवावे, आणि मग तिथून उलटे मोजत नवी जागा ठरवावी. एका फेरीत एकच बदल करावा आणि वाटेचा तोच दोन-तीन किलोमीटरचा तुकडा पुन्हा चालवून पाहावा, शक्यतो त्याच दुपारी, कारण दुसऱ्या सकाळी तो बर्फ तोच राहिलेला नसतो.