‘कार्बन म्हणजे खतच की!’ : एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार. मागच्या लेखात मी म्हटलं होतं, की हवेतला कार्बन डायऑक्साइड वाढला तर समुद्रातली सगळी वनस्पती मरेल. त्याखाली तुम्ही लिहिलंत, “कार्बन डायऑक्साइड हे वनस्पतींचं खत. वाढला तर समुद्रातही हिरवळ फोफावेल. उगाच घाबरवू नका. आणि बडोद्यात बसून समुद्राच्या गप्पा कसल्या मारता?”

शेवटचा टोला आधी घेते. बडोद्याला समुद्र नाही, कबूल. जवळात जवळ किनारा कावी-कंबोईचा, आणि तिथे खंभातच्या आखाताचं पाणी इतकं गढूळ की ऊन आत शिरत नाही. तिथे कितीही खत घाला, शैवाल माजायचं नाही.

आता खताचं. “समुद्रातली सगळी वनस्पती मरेल” हे माझं वाक्य चूक होतं, आज काढलं. पण समुद्रात कार्बनचा दुष्काळ मुळात नाहीच. पाण्यात विरघळलेल्या अकार्बनी कार्बनपैकी (म्हणजे कार्बन डायऑक्साइड आणि पाण्यात त्यापासून बनणारी रूपं) सुमारे ९० टक्के बायकार्बोनेट असतं, निव्वळ कार्बन डायऑक्साइड जेमतेम १ टक्का. बहुतेक शैवालं बायकार्बोनेटच वापरतात; त्यांचं जेवणाचं ताट आधीच वाढलेलं आहे. ज्यांना ते जमत नाही, म्हणजे सावलीतली काही लाल शैवालं, किंवा नीटसं जमत नाही, म्हणजे समुद्री गवत, त्यांना मात्र वाढीव वायू लाभतो. (हे गवत म्हणजे जमिनीवरून पुन्हा पाण्यात गेलेली फुलझाडं. माहेरी परतली, पण सवयी सासरच्याच!)

अडचण अशी की हा वायू पाण्यात आम्ल घेऊन येतो. औद्योगिक युगाआधी समुद्राच्या वरच्या थराचा पीएच (आम्लतेचं माप; आकडा कमी तितकं आम्ल जास्त) साधारण ८.२ होता, आता ८.१ आहे. फरक चिमूटभर वाटतो; पण ही मोजपट्टी लॉगची, म्हणजे एका अंकाचा फरक दहापट; त्यामुळे आम्लता ठरवणारे हायड्रोजन आयन पाव हिश्श्याहून जास्त वाढले.

इटलीत इस्किया बेटापाशी समुद्रतळातून ज्वालामुखीचा कार्बन डायऑक्साइड बुडबुडत वर येतो. तिथला अभ्यास २००८ मध्ये प्रसिद्ध झाला. बुडबुड्यांजवळ समुद्री गवत दाट होतं, म्हणजे तुमचा मुद्दा खरा. पण चुन्याची, म्हणजे अंगात चुना साठवणारी, गुलाबी शैवालं तिथून गायब. एरवी गवताच्या पात्यांवरही त्यांचे पापुद्रे चढतात, तेही नाहीत. त्यांचा चुना मॅग्नेशियम मिसळलेला, आम्लात लवकर विरघळणारा. शिवाय अशाच झऱ्यांजवळच्या समुद्री गवतात फिनॉल जातीची द्रव्यं कमी भरली. पानं खाणाऱ्यांना ती दूर ठेवतात. युरियावर पोसलेल्या लुसलुशीत पिकावर किडीची धाड पडते, तशातलाच प्रकार.

लेखातलं वाक्य आता असं आहे : “पाणी फार तापलं नाही, तर समुद्री गवताला फायदा होईल, चुन्याची शैवालं मागे हटतील.” हेही पटलं नाही तर जरूर लिहा, फक्त बडोद्याला मध्ये ओढू नका.