कार्बन किलोने विकत घेऊ नका

पाणी शुद्धीकरण प्रकल्पातल्या फिल्टरचा कार्बन (दाणेदार सक्रिय कार्बन, म्हणजे अतिसच्छिद्र कोळसा) बदलायची निविदा काढायची म्हटली की सगळ्यात सोपा मसुदा हा: "जुना कार्बन काढून नवीन भरणे, आयोडीन व्हॅल्यू किमान ९००, इतके किलो." (आयोडीन व्हॅल्यू म्हणजे कार्बन किती आयोडीन शोषतो त्याचा आकडा.) एका ओळीत काम आटपतं. पुढच्या सगळ्या भानगडीही त्याच ओळीतून निघतात.

आधी आपल्याकडचा, गोव्यातला, एक गैरसमज. पावसाळ्यात खांडेपार नदी तांबडी झाली, नळाला गढूळ पाणी आलं की "कार्बन फिल्टर का बसवत नाहीत?" हा प्रश्न ठरलेला. गढूळपणा म्हणजे बारीक माती. तिचा बंदोबस्त तुरटी किंवा पॉली अ‍ॅल्युमिनियम क्लोराइड, मग संथ टाकी आणि वाळूचा फिल्टर यांनीच होतो. ती माती कार्बनवर सोडली तर त्याची छिद्रं बुजतात आणि महागडा कार्बन वाळूचं काम करत बसतो, तेही वाईट. साळावली धरणाच्या पाण्यातल्या मँगनीजचं तेच. त्याला आधी ऑक्सिडाइज करून गाळावं लागतं. कार्बनच्या भरवशावर सोडलं तर दाण्यांवर काळा थर चढतो, बस्स.

कार्बनचं खरं काम विरघळलेल्या सेंद्रिय पदार्थांवर: वास, चव, रंग, कीटकनाशकं. गोव्याला यात रस असायला हवा, कारण आपलं पाणी जंगलातून येतं. कुजलेल्या पाल्याचे ह्युमिक पदार्थ त्यात असतात आणि क्लोरीन पडला की त्यांचे ट्रायहॅलोमिथेन ही घातक संयुगं होतात. आयएस १०५०० या पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात त्यातल्या क्लोरोफॉर्मची मर्यादा लिटरला ०.२ मिलिग्रॅम आहे. कार्बन घ्यायचा तो यासाठी.

मग कुठला? करवंटीचा कार्बन कठीण असतो, कमी झिजतो, पण त्याची छिद्रं अतिसूक्ष्म. ह्युमिकचे मोठे रेणू तिथे शिरतच नाहीत. त्यांना बिट्युमिनस कोळशापासून केलेला कार्बन बरा, त्यात मध्यम आकाराची छिद्रं जास्त. आयोडीनचा रेणू लहान, म्हणून आयोडीन व्हॅल्यू फक्त सूक्ष्म छिद्रं मोजते. करवंटीचा ११०० वाला कार्बन आपल्या पाण्यात कोळशाच्या ९०० वाल्यापेक्षा लवकर थकू शकतो. नारळाच्या प्रदेशात हे लिहिताना जरा जड जातं, पण आहे ते आहे. निविदेत आयोडीनबरोबर मोलॅसिस नंबर (मोठे रेणू किती शोषले जातात त्याचं माप) हवा, राखेची आणि ओलाव्याची कमाल मर्यादा हवी, कठीणपणा हवा, दाण्याचा आकार हवा (८×३० मेश म्हणजे साधारण २.३६ ते ०.६ मिमी). सगळ्यात उत्तम म्हणजे आपल्याच पाण्यावर छोट्या कॉलममध्ये दोन-तीन नमुन्यांची चाचणी.

आता किलोचा हिशेब. फिल्टर ५ मीटर बाय ४ मीटर धरा, थर १ मीटर. म्हणजे २० घनमीटर. तासाला १२० घनमीटर पाणी जात असेल तर ते कार्बनच्या सहवासात १० मिनिटं राहतं. (सर्वसाधारणपणे १० ते २० मिनिटं लागतात, म्हणजे हा फिल्टर काठावरच आहे.) पाण्याला ही मिनिटं मिळतात ती आकारमानामुळे. वजनाशी त्यांचा संबंध नाही. पैसे किलोवर दिले की जास्त राखेचा, जड आणि ओलसर माल आणणाऱ्याचं फावतं. १० टन मालात १५ टक्के ओलावा असेल तर दीड टन पाणी आपण कार्बनच्या भावाने घेतलं. आपल्या हवेत उघड्यावर ठेवलेली पोती तिथपर्यंत सहज जातात. उलट नुसत्या घनमीटरवर दिले तर हलका, पोकळ माल येतो. म्हणून घनतेची किमान अट मालाच्या स्वीकृतीसाठी, आणि बिल मात्र फिल्टरमध्ये बसलेल्या थराच्या मापावर. हे माप भरल्या दिवशी घ्यायचं नाही. बॅकवॉश करून (खालून उलटं पाणी सोडून थर धुऊन), पाणी उतरवून, चार कोपऱ्यांत आणि मध्ये असं पाच ठिकाणी घ्यायचं. त्यासाठी फिल्टर रिकामा असतानाच भिंतीवर रंगाने शून्याची खूण करून ठेवावी, नाहीतर मोजणी पुस्तकात काय लिहायचं यावर वाद ठरलेला.

जुना कार्बन काढला की खरी परिस्थिती दिसते. तळाचे नोझल (पाणी जाऊ देणाऱ्या पण कार्बन अडवणाऱ्या फटींच्या तोट्या) तुटलेले असतात, कुठे लोखंडी टाकीचं एपॉक्सी अस्तर उडालेलं असतं. ओला कार्बन उघड्या लोखंडाला लागला की गंज झपाट्याने धरतो. म्हणून आतून खरवडायला लोखंडी फावडं नको. प्लास्टिकचं घ्यावं किंवा पाण्याच्या झोताने काढावं. नोझलची परीक्षा सोपी आहे: तळावर वीतभर पाणी घ्यायचं आणि खालून हवा सोडायची. बुडबुडे सगळीकडे सारखे यायला हवेत. एखाद्या जागी पाणी उकळल्यासारखं उसळलं तर तिथला नोझल गेला. तो तसाच राहिला तर महिन्याभरात नळाला काळे कण येतात आणि दोष "कार्बन हलका होता" म्हणून मालावर जातो. नोझल, अस्तराची डागडुजी आणि तळाची खडी यांचे दर पहिल्यापासून बीओक्यूमध्ये (निविदेतल्या कामांच्या परिमाण-यादीत) हवेत. नसले की काम थांबतं, "एक्स्ट्रा आयटम"ची फाइल फिरत राहते आणि रिकामा फिल्टर उन्हात तडकतो.

इथे एक गोष्ट सगळ्यात वर लिहायला हवी होती. बंद टाकीतला ओला कार्बन हवेतला ऑक्सिजन शोषून घेतो. वास नाही, धूर नाही, माणूस आत उतरतो आणि कोसळतो. त्याला काढायला दुसरा उतरतो, तोही तसाच. ऑक्सिजन १९.५ टक्क्यांच्या खाली असताना कोणी आत जायचं नाही. मीटर, ब्लोअर, कमरेला दोरी आणि टाकीच्या तोंडाशी बसलेला माणूस, हे सगळं निविदेत वेगळ्या दराने लिहावं. कंत्राटदाराच्या "समाविष्ट आहे" या शब्दावर सोडू नये.

भरताना टाकीत आधी निम्मं पाणी, मग कार्बन पाण्याबरोबर आत सोडायचा. कोरडा ओतला तर धूळही उडते आणि खालचे नोझलही मार खातात. नंतर किमान २४ तास भिजू द्यायचं, कारण छिद्रांतली हवा सावकाश बाहेर पडते. ही पायरी गाळली तर पहिल्याच बॅकवॉशला हवा धरलेले दाणे तरंगून, धुण्याचं पाणी बाहेर नेणाऱ्या पन्हाळीतून वाहून जातात.

बॅकवॉशचा वेग हा तर वेगळाच विषय. थर २० ते ३० टक्के फुगायला हवा. निर्मात्यांचे तक्ते अनेकदा थंड देशांतल्या पाण्याचे असतात. आपलं पाणी २७-२८ अंशांचं, पातळ, म्हणून तेवढाच थर फुगवायला वेग जास्त लागतो. तक्त्यावरचा आकडा तसाच लावला तर थर नीट फुगत नाही, चिखलाचे गोळे होतात. ताशी ३५ मीटर वेग धरला तर वरच्या फिल्टरला तासाला ७०० घनमीटर पाणी हवं, १० मिनिटांच्या धुण्याला जवळजवळ १२० घनमीटर. वरच्या टाकीत तेवढं आहे का, हे कंत्राट देण्यापूर्वी बघावं. आणि जुन्या वाळूच्या फिल्टरमध्ये कार्बन भरला असेल तर ऑपरेटरला नव्याने शिकवावं लागतं. वाळूचा दाणा पाण्याच्या २.६५ पट जड, भिजलेला कार्बन जेमतेम १.३ ते १.४ पट. वाळूच्या सवयीने हवा आणि पाणी एकदम सोडलं आणि वरून पन्हाळ वाहत असली तर अर्धा थर पावसाळ्याच्या आत गायब.

पहिलं पाणी घरांत सोडायचं नाही. नव्या कार्बनने पीएच ९ च्या वर जाऊ शकतो, काळी भुकटी येते. पीएच ८.५ च्या खाली आणि गढूळपणा १ एनटीयूच्या (गढूळपणा मोजायचं एकक) आत येईपर्यंत पाणी बाहेर. "बाहेर" म्हणजे नदीत नव्हे, धुण्याच्या पाण्याच्या तळ्यात. कार्बन क्लोरीन खाऊन टाकतो, म्हणून क्लोरीनचा शेवटचा डोस पाणी कार्बनमधून बाहेर पडल्यावर हवा आणि शेवटच्या नळाला लिटरमागे ०.२ मिलिग्रॅम उरायला हवा.

काम कधी काढायचं? जून ते सप्टेंबर कुठलाही फिल्टर बंद ठेवणं परवडत नाही, डिसेंबरला पाहुण्यांची गर्दी, एप्रिल-मेमध्ये टंचाई. राहतात चवथीनंतर पाऊस ओसरल्यापासून नोव्हेंबरअखेरपर्यंतचे दिवस. एका वेळी एकच फिल्टर. माल १५ दिवस आधी जागेवर, ताडपत्रीखाली, फळ्यांवर. प्रत्येक लॉटचे नमुने तीन सीलबंद डब्यांत: एक प्रयोगशाळेला, एक कंत्राटदाराला, एक कचेरीत. अहवाल येईपर्यंत एकही पोतं फोडायचं नाही.

पुढचा बदल तारखेवर ठरवू नये. थरात वेगवेगळ्या खोलीवर नमुन्याचे नळ बसवले तर कार्बन कुठपर्यंत थकला ते दिसतं. वर्षाला एकदा गाभ्याचा नमुना काढून आयोडीन तपासला आणि १००० वरून ५०० च्या आसपास आला असेल तर निविदेची तयारी सुरू करावी.

जुन्या कार्बनचं काय, यावरही मसुद्यात ओळ हवी. "कंत्राटदाराची मालमत्ता" एवढं लिहिलं की तो चाळून, वाळवून नव्या पोत्यात परत येण्याची वाट मोकळी. काढलेल्या मालाची वजनकाट्याची पावती, तो कुठे पोचला त्याची पोच, आणि नव्या मालाची रिकामी पोती साइटवरच मोजून कापायची. २० घनमीटरला २५ किलोची साडेतीनशे-चारशे पोती होतात, अर्ध्या दिवसाचं काम आहे.