अर्धवट सुटलेली पदवी 'बाद' होत नाही: व्हॉट्सअॅपवर फिरणाऱ्या मजकुराला उत्तर

व्हॉट्सअॅपच्या गटांमधून एक मजकूर सतत फिरतोय. शब्द थोडे इकडचे तिकडे होतात, आशय तोच. पदवीचं शिक्षण मध्येच सुटलं असेल तर आधी पास केलेली वर्षं बाद झाली. मुक्त विद्यापीठाची पदवी सरकारी नोकरीत धरत नाहीत. तिशीनंतर पुन्हा सुरुवात करायला वय उरत नाही आणि पैसाही पुरत नाही. मग शेवटची ओळ येते: पण काळजी नको, आता 'क्रेडिट बँक' आली आहे, जुने मार्क जमा करून सहा महिन्यांत एकाच बैठकीत पदवी मिळेल. खाली मोबाइल नंबर.

मी एका तालुक्याच्या गावी मुक्त विद्यापीठाच्या अभ्यासकेंद्रावर काम करते. हा मजकूर वाचून आलेली माणसं मला भेटतात. काही जण 'आपलं काही होणार नाही' हे मनाशी पक्कं करून फक्त खात्रीसाठी येतात. काहींनी त्या नंबरवर आगाऊ रक्कम भरलेली असते. दोघांचंही नुकसान एकाच मजकुराने केलेलं आहे, म्हणून त्यातला एकेक दावा घेऊन उत्तर देते.

पहिला दावा: आधीची वर्षं बाद झाली.

तुम्ही कधी शिकलात, यावर याचं उत्तर अवलंबून आहे, आणि ते सरसकट 'हो' तर नक्कीच नाही.

शैक्षणिक वर्ष २०२१-२२ पासून पुढे जे श्रेयांक तुम्ही मिळवलेत, म्हणजे ज्याला कॉलेजात सगळे क्रेडिट म्हणतात, ते अकॅडमिक बँक ऑफ क्रेडिट्समध्ये, म्हणजे एबीसीमध्ये, जमा होऊ शकतात. विद्यापीठ अनुदान आयोगाने म्हणजे यूजीसीने या बँकेचे विनियम जुलै २०२१ मध्ये काढले. डिजिलॉकरवरून एबीसी आयडी काढायचा असतो. हल्ली परीक्षेचा फॉर्म भरतानाच तो मागतात, त्यामुळे अलीकडच्या मुलांकडे तो असतोच. जमा झालेले श्रेयांक जास्तीत जास्त सात वर्षं धरले जातात. ते दुसऱ्या विद्यापीठात नेता येतात, मात्र जे विद्यापीठ पदवी देणार त्याच्याकडून निदान निम्मे श्रेयांक मिळवावे लागतात. नव्या शैक्षणिक धोरणानुसार पहिलं वर्ष ४० ते ४४ श्रेयांकांचं, तीन वर्षांची पदवी १२० ते १३२ श्रेयांकांची. पहिल्या वर्षानंतर थांबायचं असेल तर ४ श्रेयांकांचा एक कौशल्याचा अभ्यासक्रम जोडून प्रमाणपत्र मिळतं, दुसऱ्यानंतर तसंच पदविका. थांबलेल्याने तीन वर्षांत परत यावं आणि एकूण सात वर्षांत पदवी पुरी करावी, अशी यूजीसीच्या डिसेंबर २०२२ च्या आराखड्यात तरतूद आहे. लग्न, बाळंतपण, वडिलांचं आजारपण यांत ज्यांचं दुसरं वर्ष हुकलं, त्यांच्यासाठी ही मोठी सोय आहे आणि ती कायदेशीर आहे. कुणाला एक रुपया जास्त द्यावा लागत नाही.

त्याआधी शिकलेल्यांचं काय? माझ्याकडे येणारे बहुतेक याच गटातले असतात. २००६ ला एफवाय झालं, २०११ ला एसवायला दोन विषय राहिले, असे. यांचे मार्क एबीसीमध्ये जात नाहीत. तिथे मजकूर उघड खोटं सांगतो. पण एबीसीत जात नाहीत म्हणजे ते पुसले गेले असंही नाही. तुमच्या मूळ विद्यापीठाकडे तुमचा निकाल नोंदलेला आहे. गुणपत्रक हरवलं असेल तर पीआरएन (विद्यापीठाचा कायम नोंदणी क्रमांक) किंवा बैठक क्रमांक, परीक्षेचं वर्ष आणि कॉलेजचं नाव देऊन दुय्यम प्रत मागता येते. एक-दोन विषयांची एटीकेटी राहिली असेल तर पहिला अर्ज मूळ विद्यापीठाच्या परीक्षा विभागालाच करा. जुन्या अभ्यासक्रमाच्या विद्यार्थ्यांना विद्यापीठं अधूनमधून विशेष संधी देतात, आणि ती सूचना वर्तमानपत्रात आली तरी तुमच्या घरापर्यंत पोचेलच असं नाही. लेखी अर्ज, आवक क्रमांक, आणि उत्तराची वाट. फोनवर मिळालेलं 'नाही होणार' हे उत्तर समजू नका.

दुसरी वाट श्रेयांक हस्तांतरणाची. इग्नूमध्ये, म्हणजे इंदिरा गांधी राष्ट्रीय मुक्त विद्यापीठात, दुसऱ्या मान्यताप्राप्त विद्यापीठात अपुऱ्या राहिलेल्या शिक्षणाचे श्रेयांक नेण्याची तरतूद आहे. इतर विद्यापीठांतही थेट पुढच्या वर्षाला प्रवेशाचे नियम असतात. ते दरवर्षीच्या माहितीपुस्तिकेत छापलेले असतात, आणि ती पुस्तिका विद्यापीठाच्या संकेतस्थळावर फुकट मिळते. कोणते विषय जुळतात, किती वर्षांचा खंड चालतो, कोणती कागदपत्रं लागतात, हे तिथे बघायचं. मागचा अभ्यासक्रम दाखवावा लागला तर जुन्या कॉलेजच्या शिक्क्याची प्रत लागते. टीसी, मायग्रेशन सर्टिफिकेट, खंडाचं प्रतिज्ञापत्र हे सगळं आधी जमवून ठेवलं तर प्रवेशाची मुदत हातातून जात नाही.

मुदत कशी जाते तेही सांगते. एक बाई आल्या होत्या, प्लॅस्टिकच्या पिशवीत एसवाय बीकॉमचं गुणपत्रक. घड्यांवर कागद फाटून आतून चिकटपट्टी लावलेली, पण सगळे विषय पास, शिक्का स्पष्ट. अडचण मार्कांची नव्हतीच. गुणपत्रकावर माहेरचं नाव, आधार कार्डावर सासरचं. विवाह नोंदणीचा दाखला काढलेला नव्हता, राजपत्रात नाव बदललेलं नव्हतं. ग्रामपंचायतीतून दाखला मिळेपर्यंत त्या वर्षीची प्रवेशाची तारीख उलटली. पुढच्या सत्रात त्या आल्या, फॉर्म भरला, आणि कुणालाही काही 'बाद' वाटलं नाही. ज्यांना सासरी येऊन बरीच वर्षं झाली आहेत त्या बहिणींना माझं सांगणं आहे, विद्यापीठ ठरवण्याआधी नावाचा कागद करून घ्या.

आणि हेही सरळ सांगायला हवं: पुष्कळांना पहिल्या वर्षापासूनच सुरुवात करावी लागते. विषय जुळत नाहीत, खंड फार मोठा असतो. तसं असेल तर तसं. तीन वर्षं लागतील. ती तीन वर्षं तशीही जाणारच आहेत.

दुसरा दावा: मुक्त विद्यापीठाची पदवी सरकारी नोकरीत धरत नाहीत.

हा सर्वांत जास्त नुकसान करणारा दावा आहे, कारण तो ऐकून माणूस प्रयत्नच सोडतो.

यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ महाराष्ट्र विधिमंडळाच्या १९८९ च्या कायद्याने नाशिकला स्थापन झालं. इग्नू संसदेच्या १९८५ च्या कायद्याने. कायद्याने स्थापन झालेल्या विद्यापीठाची पदवी यूपीएससीला चालते, हे त्यांच्या नागरी सेवांच्या जाहिरातीतच लिहिलेलं असतं. यूजीसीचे मुक्त, दूरस्थ आणि ऑनलाइन शिक्षणाचे विनियम सप्टेंबर २०२० मध्ये आले. मान्यताप्राप्त संस्थेने या पद्धतीने दिलेली पदवी आणि पदव्युत्तर पदवी नेहमीच्या वर्गातल्या पदवीशी समकक्ष धरावी, असं त्याच्या २२ व्या विनियमात स्पष्ट आहे. सप्टेंबर २०२२ मध्ये यूजीसीने ते पुन्हा जाहीर केलं. तलाठ्याच्या भरतीला कुठल्याही शाखेची पदवी चालते, आणि मान्यताप्राप्त मुक्त विद्यापीठाची पदवी ही पदवीच आहे.

मग ही अफवा आली कुठून? तिला काही आधार आहे, तो लपवायचं कारण नाही. ३ नोव्हेंबर २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयाने एक मोठा निकाल दिला. काही अभिमत (डीम्ड) विद्यापीठांनी परवानगी नसताना पत्रद्वारे अभियांत्रिकीच्या पदव्या दिल्या होत्या. २००५ नंतर प्रवेश घेतलेल्यांच्या त्या पदव्या रद्द झाल्या, त्याआधीच्या चार वर्षांतल्या विद्यार्थ्यांना परीक्षा देऊन पदवी राखण्याची संधी मिळाली. बातमी 'पत्रद्वारे पदव्या रद्द' अशी गावोगाव पोचली आणि बीए-बीकॉमवाले घाबरले. निकाल त्यांच्याविषयी नव्हता. अभियांत्रिकी, वैद्यकीय, नर्सिंग, फार्मसी, वास्तुशास्त्र, कायदा यांच्या पदव्या दूरस्थ पद्धतीने घेता येत नाहीत. कुणी तशी देऊ केली तर तिथून उठा.

दुसरा खरा मुद्दा क्रमाचा आहे. दहावी, बारावी, मग पदवी. पूर्वी बारावी न झालेल्यांना पूर्वतयारीची परीक्षा देऊन मुक्त विद्यापीठात पदवीला बसता येत असे. अशा पदवीला काही ठिकाणी अडवलं जातं. बारावी न करता थेट मुक्त विद्यापीठाची पदवी घेतलेल्यांना बार कौन्सिलच्या नियमांमुळे एलएलबीचा प्रवेश मिळत नाही. त्यामुळे तुमची बारावी राहिली असेल तर ती आधी करा. राज्य मंडळाचा १७ नंबरचा फॉर्म त्यासाठीच आहे, आणि राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्थेचाही मार्ग आहे. एक वर्ष जास्त जाईल, पण पुढे कुठल्याही खिडकीवर कुणी अडवणार नाही.

तिसरा दावा: वय आणि पैसा.

मुक्त विद्यापीठात पदवीच्या प्रवेशाला वयाची वरची मर्यादा नाही. एमपीएससीच्या राज्यसेवेला खुल्या प्रवर्गासाठी ३८ आणि मागासवर्गीयांसाठी ४३ अशी वयोमर्यादा आहे. म्हणजे तिशीत पदवीला बसणाऱ्यालाही ती दारं बंद झालेली नाहीत.

पैशाबद्दल: बीए, बीकॉमसाठी मुक्त विद्यापीठाची वर्षाची फी काही हजारांत असते. पुस्तकं विद्यापीठ देतं, ती घरी अभ्यास करता येईल अशा रीतीने लिहिलेली असतात, आणि संपर्क सत्रं बहुधा रविवारी असतात. इग्नूचे प्रवेश जानेवारी आणि जुलै असे वर्षातून दोनदा होतात, त्यामुळे एक संधी हुकली तर पुरं वर्ष थांबावं लागत नाही.

खर्च आणखी कमी करायचा असेल तर स्वयम आहे. केंद्र सरकारचं हे व्यासपीठ जुलै २०१७ मध्ये सुरू झालं. शिकणं फुकट, फक्त परीक्षेची फी. एनपीटीईएल या आयआयटींच्या उपक्रमातल्या विषयांना ती एका विषयाला १,००० रुपये आहे. यूजीसीच्या २०२१ च्या विनियमांनुसार एखाद्या सत्रातले ४० टक्क्यांपर्यंत विषय स्वयमवरून करता येतात. पण इथे लोक एक चूक करतात: आधी विषय पास होतात आणि मग विद्यापीठाला विचारतात. तुमच्या अभ्यासक्रमात कोणता स्वयमचा विषय चालेल हे तुमचं विद्यापीठ ठरवतं. नाव नोंदवण्याआधी ते लेखी विचारून घ्या. एका तरुणाने आमच्याकडे चार प्रमाणपत्रं आणली होती. विषय चांगले, मेहनत खरी, पण त्याच्या पदवीत त्यांतलं एकही बसत नव्हतं. त्याला ते सांगताना फार जड गेलं.

चौथा दावा: सहा महिन्यांत, एकाच बैठकीत पदवी.

हा दावा खोटा आहे हे हिशोब करून पाहता येतं. इग्नूमध्ये एका श्रेयांकाला ३० तासांचा अभ्यास धरतात. १२० श्रेयांक म्हणजे ३,६०० तास. सहा महिने म्हणजे साधारण १८० दिवस. दिवसाला २० तास झाले. बरं, निम्मे श्रेयांक जुने म्हणून धरले गेले असं मानू, जे फारच नशीबवानाला मिळेल. तरी दिवसाला १० तास, एकही सुट्टी न घेता. नोकरी, शेती, घर सांभाळणाऱ्या माणसाला हे शक्य नाही. शिवाय तासांचा प्रश्न नंतरचा. पदवीचा किमान कालावधी यूजीसीने ठरवलेला आहे आणि दूरस्थ पदवीला तो नेहमीच्या पदवीपेक्षा कमी चालत नाही. हुशार विद्यार्थ्यांसाठी यूजीसीने २०२४ मध्ये वेगवान पदवीची सोय मान्य केली. तीत तीन वर्षांची पदवी फार तर एका सत्राने लवकर पुरी होते.

एकाच बैठकीत पदवी देणारे काय करतात? कधी मागच्या तारखेचे प्रवेश दाखवलेली गुणपत्रकं देतात, कधी यूजीसीने जाहीर केलेल्या बनावट विद्यापीठांच्या यादीतल्या नावाचा कागद. तो कागद पहिल्या पडताळणीत उघडा पडतो, आणि नोकरी लागल्यावर पडताळणीत सापडलं तर नोकरी जाते, फसवणुकीचा गुन्हा दाखल होऊ शकतो. पैसे घेणारा माणूस तोवर नंबर बदलून मोकळा झालेला असतो. कागदावर नाव तुमचं असतं.

ओळखायला एक सोपी खूण आहे. सप्टेंबर २०२४ पासून दूरस्थ किंवा ऑनलाइन अभ्यासक्रमाला प्रवेश घेणाऱ्याने यूजीसीच्या दूरस्थ शिक्षण विभागाच्या पोर्टलवर स्वतःचा डीईबी आयडी काढणं सक्तीचं आहे. तो एबीसी आयडीशी जोडलेला असतो. त्याच पोर्टलवर कोणत्या विद्यापीठाला कोणत्या वर्षी कोणत्या अभ्यासक्रमाची मान्यता आहे तेही दिसतं. समोरचा माणूस 'त्याची गरज नाही, आम्ही बघतो' म्हणाला, किंवा फी विद्यापीठाच्या खात्याऐवजी त्याच्या मोबाइल नंबरवर मागू लागला, तर तिथेच थांबा. पैसे आधीच गेले असतील तर १९३० या सायबर मदत क्रमांकावर लगेच तक्रार करा, व्यवहाराचा क्रमांक आणि चॅटचे फोटो जपून ठेवा. आणि मग तेच जुनं गुणपत्रक घेऊन जवळच्या अभ्यासकेंद्रावर या. कागदपत्रं बघून काय जुळतं आणि काय नाही हे सांगायला तिथे कुणी पैसे घेत नाही.