पाणी निळं दिसतंय ना, साहेब

घरी स्विमिंग पूल असलेल्या माणसाचा हेवा करणारे लोक पूल नेहमी शनिवारी दुपारी बघतात. तेच मंगळवारी सकाळी आले, तर त्यांना काठावर उकिडवे बसलेले नवरा-बायको दिसतील. हातात पाणी तपासायच्या बोटभर उंचीच्या दोन नळ्या, एकीत पिवळं पाणी, दुसरीत गुलाबी, आणि वाद असा की हा पिवळा डब्यावरच्या तिसऱ्या पिवळ्यासारखा आहे की चौथ्या. पलीकडे झाडू घेऊन उभा असलेला केअरटेकर दोघांचंही ऐकून शेवटी निकाल देतो, "पाणी निळं दिसतंय ना, साहेब? मग झालं."

निळं दिसणं ही पाण्यापेक्षा टाइल्सची कामगिरी आहे. निळ्या टाइल्सवर नितळ पाणी कसलंही ओता, ते निळंच दिसतं. पाण्याची खरी अवस्था पाच आकडे सांगतात: मुक्त, म्हणजे कामाला मोकळं असलेलं क्लोरीन १ ते ३ पीपीएम (दहा लाख भागांत इतके भाग), पीएच, म्हणजे आम्लतेचं माप, ७.२ ते ७.८, त्या पीएचला जागेवर धरणारी अल्कलिनिटी ८० ते १२० पीपीएम, कॅल्शियमचा जडपणा २०० ते ४००, आणि क्लोरीनला उन्हात टिकवणारं सायन्युरिक ॲसिड ३० ते ५०. एकाला हात लावला की दुसरा हलतो आणि दुसऱ्याला जागेवर आणलं की तिसरा रुसतो.

हिशेबासाठी कर्जत-लोणावळ्याकडच्या बंगल्यात असतो तसा पूल घेऊ: ८ मीटर लांब, ४ रुंद, सरासरी १.४ खोल. म्हणजे साधारण ४५,००० लिटर. यात कुठलीही गोष्ट १ पीपीएमने वाढवायची तर ती ४५ ग्रॅम लागते. हा आकडा पंपाच्या खोलीच्या भिंतीवर रंगाने लिहून ठेवावा, कारण पूल बांधून देणारा माणूस डोस ग्रॅममध्ये सांगत नाही, मगमध्ये सांगतो. "रोज एक मग टाका." कुठला मग, हे विचारलं की तो आपल्याकडे दयेने बघतो.

मुळात पाणी येतं बोअरचं नाहीतर टँकरचं. टँकरही शेवटी कुणाच्या तरी बोअरवरच भरलेला असतो. देशावरच्या काळ्या खडकातलं हे पाणी बहुधा जड. पीएच ८ च्या पुढे गेला आणि वर ऊन तापलं की त्यातला चुना बाहेर पडतो, पाणी दुधाळ होतं आणि टाइल्सवर पाण्याच्या रेषेत पांढरा काठ चढतो. तो काठ ब्रशने जात नाही, वादावादीने तर नाहीच. कोकणात जांभ्यातल्या बोअरला लोह असेल तर निराळी मौज. स्वच्छ पाणी भरून क्लोरीन टाकावं, तर बघता बघता ४५,००० लिटर कोरा चहा तयार. क्लोरीन बिघडलेलं नसतं. विरघळलेलं लोह त्याने गंजवून उघडं पाडलेलं असतं. पंप बंद ठेवून गाळ खाली बसू द्यायचा आणि व्हॅक्यूमने थेट बाहेर टाकायचा, एवढंच हातात असतं.

पीएचची मोजपट्टी १९०९ साली सोरेन्सन या शास्त्रज्ञाने कोपनहेगनच्या कार्ल्सबर्ग प्रयोगशाळेत काढली, म्हणजे बिअरवाल्यांच्या घरी. आम्ही मंडळी ती वापरतो ती मात्र शुद्ध पाण्याने आणि अत्यंत गंभीर चेहऱ्याने. पीएच ७.५ ला पाण्यातल्या क्लोरीनपैकी साधारण निम्मंच जंतू मारण्याच्या जोरदार रूपात असतं. ८ ला ते जेमतेम पाव भाग उरतं. बाकीचं हजेरीपटावर असतं, कामावर नसतं. म्हणून पाणी हिरवट दिसलं की आधी पीएच बघावा, मग क्लोरीनच्या डब्याला हात लावावा. बहुतेक जण नेमकं उलट करतात.

पीएच वर जायला कारण लागतच नाही. नव्या पुलाचं सिमेंट आणि टाइल्समधलं ग्राउट तो महिनोन्‌महिने वर ढकलत राहतं. त्याहून मोठा गुन्हेगार म्हणजे सिंहाचं तोंड. काठावर फायबरचा सिंह बसवून त्याच्या जबड्यातून धबधबा सोडल्याशिवाय पूल पुरा झाला असं आपल्याकडे कुणाला वाटत नाही. पाणी असं उंचावरून आपटलं की त्यातला कार्बन डायऑक्साइड उडून जातो आणि पीएच चढतो. अल्कलिनिटी जास्त असेल तर आणखी जोमाने चढतो. मग ॲसिड टाकून तो खाली आणायचा, की संध्याकाळी पाहुण्यांसाठी सिंह पुन्हा सुरू. सिंह बंद ठेवा, हा माझा सल्ला आजवर कुठल्याही बंगल्यात मानला गेलेला नाही.

अल्कलिनिटी उतरवायलाही तेच मुरियाटिक, म्हणजे हायड्रोक्लोरिक ॲसिड. आपल्या पुलात ती १० पीपीएमने खाली आणायला ३० टक्क्यांच्या आसपासचं ॲसिड सुमारे ९०० मिली लागतं. एका दमात ओतायचं नाही. बादलीत आधी पाणी, मग त्यात ॲसिड. उलट केलं तर उसळून तोंडावर येतं. पंप चालू ठेवून, शिडीपासून लांब, खोल बाजूला. पीएच ७.२ पर्यंत आला की थांबायचं, हवा लागून तो वर येऊ द्यायचा, मग पुढचा हप्ता. इथे सिंह कामाला येतो, हे मला नाइलाजाने कबूल करावं लागतं.

क्लोरीन मोजण्यातही खोच आहे. स्वस्तातल्या किटमधल्या थेंबांनी पाणी पिवळं होतं, पण तो पिवळेपणा एकूण क्लोरीनचा. कामाचं किती आणि घाम, लघवी यांच्याशी लग्न लागून निकामी झालेलं किती, हे तो सांगत नाही. त्यासाठी डीपीडीच्या गोळ्या, ज्या क्लोरीन असेल तर पाणी गुलाबी करतात. तिथेही सावध राहावं, कारण क्लोरीन फारच जास्त असेल तर गुलाबी रंग उमटताक्षणी उडतो आणि नळी पांढरीफटक दिसते. "क्लोरीन संपलं!" म्हणून माणूस आणखी टाकतो. शंका आली तर नमुन्यात तेवढंच साधं पाणी मिसळून पुन्हा बघावं. गुलाबी झालं, तर पोहायला आलेल्यांना आज चहावर वाटेला लावावं.

पुलाला "क्लोरीनचा वास" येतो म्हणजे क्लोरीन जास्त झालंय, ही समजूत तर दगडावरची रेघ आहे. तो वास निकामी क्लोरीनचा, म्हणजे क्लोरामाइन्सचा. एकूणमधून मुक्त वजा केलं आणि उत्तर ०.५ च्या वर आलं, तर त्याच्या दसपट क्लोरीन एकदम द्यायचं. उत्तर ०.६ असेल तर ६ पीपीएम, म्हणजे आपल्या पुलाला २७० ग्रॅम क्लोरीन, म्हणजेच १० टक्क्यांचं ताजं हायपो (सोडियम हायपोक्लोराइट, कॅनमधलं पातळ क्लोरीन) २.७ लिटर. "ताजं" हा शब्द महत्त्वाचा. उन्हात महिनाभर पडलेल्या कॅनमध्ये उरतं ते बरंचसं खारं पाणी. डोस सूर्यास्तानंतरच द्यावा, नाहीतर ऊन आपल्या आधी तो पिऊन टाकतं. ग्रामपंचायतीच्या विहिरीत पडते ती ब्लीचिंग पावडरही चालते, पण तिच्यात क्लोरीन तिसरा हिस्सा आणि बाकी बहुतेक चुना. बादलीत कालवून, निवळू देऊन, वरची निवळीच ओतायची. सरळ फेकली तर दुसऱ्या दिवशी तळाला रांगोळी घातलेली सापडते.

हा सगळा उपद्व्याप टाळायला बाजाराने गोळी काढली. टीसीसीए नावाच्या क्लोरीनच्या संयुगाची २०० ग्रॅमची पांढरी वडी, तरंगत्या डब्यात ठेवा आणि विसरा. विसरा, हीच तिची मेख. एका वडीतून आपल्या पुलाला ४ पीपीएम क्लोरीन मिळतं आणि सोबत जवळजवळ अडीच पीपीएम सायन्युरिक ॲसिड. हे ॲसिड थोडं असेल तर क्लोरीनला उन्हापासून वाचवतं, म्हणून ३० ते ५० हवंच. पण क्लोरीन खर्च होऊन निघून जातं आणि सायन्युरिक पागडीच्या भाडेकरूसारखं मुक्काम ठोकून राहतं. दिवसाआड एक वडी म्हणजे महिन्याला ३६ पीपीएम. दिवाळीनंतर सुरू केलं तर फेब्रुवारीत शंभरी ओलांडली. एवढ्या सायन्युरिकमध्ये २ पीपीएम क्लोरीन नुसतं शोभेला असतं. किट म्हणतं सगळं आलबेल आणि भिंतीला शेवाळाचा बुळबुळीत हात लागतो. यावर परवडणारं औषध एकच, निम्मं पाणी काढून नवं भरणं. म्हणजे १०,००० लिटरचे दोन टँकर आणि वर थोडं, तेही नेमकं टंचाईच्या दिवसांत. म्हणून वडी बाहेरगावी जातानाच वापरावी. एरवी रोज संध्याकाळी लिटरभर हायपो बरं.

या रसायनांची आपापसातली भांडणं मात्र विनोदाचा विषय नाहीत. ॲसिड आणि हायपो एकत्र आले की विषारी क्लोरीन वायू सुटतो. टीसीसीए आणि कॅल्शियम हायपोक्लोराइट ही क्लोरीनची पावडर एका डब्यात, एका मगात किंवा एका ओल्या चमच्यावर भेटले तरी पेट घेऊ शकतात. प्रत्येकाचा मग वेगळा, डबा वेगळा, दोन डोसांत अर्ध्या तासाचं अंतर. ॲसिडचा कॅन पंपाच्या खोलीत अजिबात नको. त्याच्या वाफेने स्टार्टर, कुलूप आणि केअरटेकरची सायकल या क्रमाने गंजत जातात.

केअरटेकरचा खरा विश्वास तुरटीवर असतो. तुरटी वाईट नाही. दोनेक किलो विरघळवून सगळीकडे शिंपडायची, पाणी थोडं फिरवायचं, पंप रात्रभर बंद, सकाळी तळाचा साका हलक्या हाताने व्हॅक्यूम करून व्हॉल्व्ह "वेस्ट"वर ठेवून बाहेर. तो पंप बंद करायला विसरला की हा सगळा साका सँड फिल्टरमध्ये जातो आणि वाळूची वडी थापली जाते. फिल्टरचा दाब दाखवणारा गेज नेहमीपेक्षा ८ ते १० पीएसआय वर गेला की बॅकवॉश करावा, म्हणजे पाणी उलटं सोडून वाळू धुवावी, आणि व्हॉल्व्हचा दांडा फिरवण्यापूर्वी दर वेळी पंप बंद. नंतर मिनिटभर "रिन्स" करायलाच हवं, नाहीतर धुतलेली घाण अभिमानाने पुलातच परत येते. मोरचुदाचा आग्रह धरणारेही भेटतात. द्राक्षबागेच्या बोर्डो मिश्रणात तो शोभतो. पुलात जास्त झाला तर भिंतींवर डाग पडतात आणि आजोबांच्या पांढऱ्या केसांवर हिरवी झाक येते.

एवढं करून आकडे जुळतात, आणि शनिवार उजाडतो. डोक्याला तेल चोपडलेली आणि सुती बनियन घातलेली मंडळी शॉवरकडे न बघता उड्या मारतात. कावळा शिळी पोळी भिजवायला आणतो आणि तिथेच विसरतो. हल्ली त्यात हळदी समारंभाची भर पडली आहे. नवरदेवासकट पन्नास पिवळे पाय एकदम पाण्यात. हळद क्लोरीनचा फडशा पाडते. पिवळीच राहिली, तांबूस झाली नाही, तर पीएच फार वर गेलेला नाही एवढीच फुकटची चाचणी पदरात पडते.

मग येतो पावसाळा. लोणावळ्यात वर्षाला चार मीटरहून जास्त पाऊस पडतो, म्हणजे आपला १.४ मीटरचा पूल आभाळ जवळजवळ तीन वेळा भरून काढतं. ओव्हरफ्लो मोकळा असेल तर महिनोन्‌महिने साठलेलं सायन्युरिक एका पैशाच्या टँकरशिवाय वाहून जातं. फक्त या दिवसांत कुणाच्या सांगण्यावरून पूल पुरता रिकामा करू नये. भोवतालचं जमिनीतलं पाणी खालून रेटा देतं आणि टाकीला तडे जातात. पावसाच्या पाण्यात अल्कलिनिटी जवळपास नसते. त्यामुळे सप्टेंबरअखेर ती ६० वर आलेली असते आणि पीएच सकाळी एक, संध्याकाळी दुसरा. उपाय स्वयंपाकघरातला: १० पीपीएमला ७५० ग्रॅम, म्हणजे १०० वर न्यायला ३ किलो खायचा सोडा. वाण्याकडे जाऊन तेवढा मागितला की तो पुडी बांधता बांधता थांबतो आणि विचारतो, "भज्यांची गाडी कुठे टाकताय?"