दही खा, आतडं सुधारा? त्या मेसेजमधल्या चुका

सध्या एक मेसेज सगळीकडे फिरतोय: रोज वाटीभर दही खा म्हणजे चांगले बॅक्टेरिया आतड्यात कायमचे राहायला येतात, सगळी प्रोबायोटिक्स (फायद्यासाठी घेतले जाणारे जिवंत सूक्ष्मजीव) सारखीच, अँटिबायोटिकसोबत कुठलंही घ्या, साइड इफेक्ट शून्य. लोक यावरून लहान मुलांची औषधं ठरवतायत म्हणून लिहितेय.

कायमचे राहायला येतात? नाही हो. योगर्टमधले स्ट्रेप्टोकोकस थर्मोफिलस आणि लॅक्टोबॅसिलस बल्गेरिकस दुधात वाढणारे, ते आतड्यातून पुढे निघून जातात, खाणं बंद केलं की काही दिवसांत दिसतही नाहीत. पण जाता जाता दुधातली साखर फोडायला मदत करतात, म्हणून दूध न पचणाऱ्या बऱ्याच जणांना दही चालतं, तेवढा फायदा अगदी खरा आहे. (कढी उकळली की ते मरतात.)

"सगळी सारखीच" हे तर साफ चूक. लॅक्टोबॅसिलस र‍्हॅम्नोसस जीजीच्या अंगावर बारीक तंतू असतात, त्यांनी तो आतड्याच्या चिकट अस्तराला धरतो. बॅसिलस क्लॉसी बीजाणूच्या (जाड कवचातल्या सुप्त पेशीच्या) रूपात येतो म्हणून जठरातल्या अ‍ॅसिडमधून जिवंत सुटतो. ई. कोलाय निस्ले लोह आधी स्वतः ओढून घेतो आणि साल्मोनेला या जुलाब करणाऱ्या जंतूला उपाशी ठेवतो, हे उंदरांमध्ये दिसलंय. आणि सॅकरोमायसिस बुलार्डी बॅक्टेरिया नाहीच, यीस्ट आहे. एवढं असूनही काम झालंच पाहिजे असं नाही, २०१८ मध्ये अमेरिकेत जुलाब-उलट्या होणाऱ्या ९७१ लहान मुलांच्या चाचणीत जीजी आणि नुसती प्लासिबो (औषध नसलेली) पावडर यांत फरक पडला नाही.

अँटिबायोटिकचं म्हणाल तर बुलार्डी यीस्ट असल्यामुळे त्याने मरत नाही, बाकीचे बरेचसे मरू शकतात. औषधामुळे होणारे जुलाब काही स्ट्रेन (एकाच जंतूचे वेगवेगळे वाण) कमी करतात हे खरं, पण २०१८ मध्येच इस्रायलच्या वाइझमन इन्स्टिट्यूटने दाखवलं की अँटिबायोटिकनंतर ११ स्ट्रेनचं मिश्रण घेतलेल्यांचे स्वतःचे बॅक्टेरिया परत यायला काहीच न घेतलेल्यांपेक्षा जास्त वेळ लागला!

साइड इफेक्ट शून्य, हे वाक्य सगळ्यात धोक्याचं वाटतं मला. सेंट्रल लाइन (मोठ्या शिरेत बसवलेली नळी) लावलेल्या पेशंटच्या रक्तात बुलार्डी शिरल्याच्या नोंदी आहेत, आणि २०२३ मध्ये अमेरिकेच्या एफडीएने (तिथल्या औषध नियंत्रण संस्थेने) अपुऱ्या दिवसांच्या बाळांबद्दल इशारा दिला. उलट ओडिशातल्या ४५५६ नवजात बाळांच्या चाचणीत लॅक्टोबॅसिलस प्लँटारमचा एक ठराविक स्ट्रेन दिल्यावर सेप्सिस (जंतुसंसर्गामुळे अंगभर होणारा गंभीर बिघाड) किंवा मृत्यूचं प्रमाण ९ टक्क्यांवरून ५.४ वर आलं, पण ती बाळं जवळपास पूर्ण दिवसांची, किमान २ किलोची होती आणि स्ट्रेन नीट निवडलेला होता. तेव्हा घरात बाळ किंवा कीमो चालू असलेलं माणूस असेल तर डॉक्टरांना स्ट्रेनचं पूर्ण नाव दाखवून विचारा, मगच द्या.